नाक्यावरचं तूप

तूप कढवल्याचा वास आला की मला जकात नाका आठवतो, हसू नका. आमचे हे जाऊन चार महिने झाले होते, आणि मी गावाहून नागपूरला परतताना आईनं सवयीनं दोघांपुरता मोठा डबा भरून दिला होता. शहराच्या वेशीवर एसटी थांबली. नाकेदार आत चढला, त्यानं झाकण उघडलं, तसा गाडीभर वास सुटला. "एवढं तूप काहून बाई? घरी खायचं असन तं जकात नाही. किती जण आहा घरी?" सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. 'एकटीच' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. "विकाले आणलं," मी म्हटलं. मागची म्हातारी फिसकन हसली, "खरं सांगून फसली वं बिचारी!" नाकेदारानं पावती फाडली. "रागावू नका बाई, याच पैशानं तुमच्या गल्लीतले दिवे लागतात." दिवेलागणीला पोचले, तर दाराला कुलूप आणि समोरच्या खांबावरचा दिवा लागलेला. त्याच्याच उजेडात मी कुलूप उघडलं. आता नाके केव्हाच बंद झाले. पण तो दिवा लागला की अजूनही वाटतं, हा माझीच वाट बघतोय. त्याचे पैसे मी भरलेत ना.