पायऱ्या न लिहिलेली उत्तरं
शेजारी बार्बेक्यूचं ग्रिल पेटलं, की त्या धुरासरशी पेनसिल्व्हेनियातला एक शनिवार आठवतो. पीएचडी करताना मी गणिताचे पेपर तपासायचो. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममधल्या एका मुलाची सगळी उत्तरं बरोबर होती, पण पायरी एकही लिहिलेली नव्हती. आमच्या शाळेत याला कॉपीच म्हणत. “सर, मी मनातच करतो. हवं तर आत्ता विचारा,” तो म्हणाला. मी विचारलं नाही, शून्य दिलं. तिथे नापास झालेल्याला खेळू देत नाहीत; कोचने त्याला सीझनच्या शेवटच्या मॅचमधून काढलं. मॅचच्या त्या शनिवारी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, जिथे मॅचआधी लोक ग्रिल लावून खातात, तो साध्या कपड्यांत ग्रिलपाशी उभा होता. “मॉम, हे माझे गणिताचे सर,” एवढंच म्हणाला. त्याचा खेळ बघायला दोन दिवस ड्राइव्ह करून आलेल्या त्या माउलीने माझे आभार मानले, हातात गरम बर्गर दिला. मी तो खाल्ला. आज पन्नाशीतही माझ्या अंगणात ग्रिल नाही.