खडकावरून दिसणारं घर

टिकिरीबंडाने तीस वर्षं एका खोट्यावर संसार केला. सिगिरियाच्या खडकाच्या पायथ्याशी तो उभा असे आणि परदेशी पाहुण्यांमधला वयाने नाहीतर वजनाने थकणारा माणूस बरोबर हेरून त्याचा कोपर धरत असे. मग बाराशे पायऱ्या. पाहुण्याने मध्येच बसकण मारून अजून किती राहिलं म्हणून विचारलं की हा म्हणे, दहाच मिनिटं. तळ्यांच्या बागेपाशी दहा, भिंतीवरच्या अप्सरांच्या चित्रांपाशी दहा, वाटेवर बांधलेल्या सिंहाच्या अवाढव्य पंजांपाशीही दहाच. त्याच्याकडे ना परवाना होता ना बिल्ला, पण त्याने हात लावलेला माणूस वर पोचला नाही असं कधी झालं नव्हतं. त्याला याचा भारी गर्व. तोच पुढे नडला, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्याची बायको रनमेणिके तिथेच फाटकापाशी केशरी शहाळी विकायची. कोयत्याच्या एका घावात शेंडा उडवायची, वर दोन टोमणे मारायची. पण ती स्वतः खडकावर कधी चढली नव्हती. गावातल्या निम्म्या बायका चढलेल्या नाहीत. दारातला खडक कुठे पळून जातोय? डांबुल्लाची लेणी, कँडीचं दंतमंदिर, एल्लाचा नऊ कमानींचा पूल, पाहुण्यांच्या गाडीत बसून टिकिरीबंडाने सगळं पाहिलं होतं. तिला दर वर्षी सांगायचा, पुढच्या हंगामात जाऊ.

पुढचा हंगाम आलाच नाही, तिची मूत्रपिंडं गेली. त्या मुलखात हा आजार घरोघरी आहे, त्यामुळे कुणी फारसं नवल केलं नाही. आठवड्यातून दोनदा डांबुल्लाच्या इस्पितळात रक्त धुवायच्या मशीनवर जायचं. टिकिरीबंडा तिला दाराशी सोडून तसाच मागे फिरायचा, कारण पाहुणे सकाळीच येतात. आत काय सांगतात, काय खायचं, काय वर्ज्य, त्याने कधी विचारलं नाही. ती ठीक आहे म्हणायची आणि त्यालाही तेच ऐकायला बरं वाटायचं.

त्या मंगळवारी ती तयार होऊन बाजेवर बसली होती. म्हणाली, "आज मशीन नको. मला वर न्या."

त्याला थट्टा वाटली. बरी झालीस की नेतो, म्हणाला.

"कधी होणार बरी? दहा मिनिटांत?" तिने विचारलं. "आपल्या घराचा निळा पत्रा वरून दिसतो म्हणून तुम्ही जगाला दाखवता. साऱ्या दुनियेने माझं घर वरून बघितलं, मीच तेवढी राहिले."

तो रागावला, मग गयावया करू लागला. तिचं काही खरं नाही हे त्यालाही कळत होतं, आणि तीस वर्षांत आपण हिला काय दिलं या विचाराने त्याचा जीव नुसता तडफडत होता. त्याने पाहुण्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. आधी पोटऱ्या, मग श्वास. जमेल, असं त्याच्या धंद्याच्या नजरेने सांगितलं. पाहुण्यांचा दम बसलं की ओसरतो. हिच्या छातीत पाणी साठत होतं, हिचा दम बसून ओसरणारा नव्हता. हा फरक त्या नजरेला कुठून कळणार!

पायथ्याच्या तीन सोबत्यांनी आपली गिऱ्हाइकं सोडून तिला हात दिला. चित्रांपाशी ती बराच वेळ थांबली. "ह्यांच्यासाठी रोज येत होतात होय?" ती म्हणाली. "अंगावर धड कपडा नाही, दागिने मात्र झाडून सगळे." सोबती हसले. टिकिरीबंडाला हसू येईना, कारण तिचे ओठ निळसर दिसत होते. पंजांपाशी पोचल्यावर तिला बोलताच येईना. तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं आणि याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, दहाच मिनिटं. ती आवाज न करता हसली. पुढच्या लोखंडी पायऱ्या तो तिला पाठीवर घेऊन चढला.

वर वारा होता. त्याने बोटाने आधी तलाव दाखवला, मग फणसाचं झाड, मग पत्रा.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "तीस वर्षं एवढंसंच झाडत होते मी?"

पण तिने तिथून नजर काढली नाही. तो ऊठ म्हणाला तेव्हा तिने आणखी थोडं बसू द्या म्हणून हातानेच खुणावलं.

खाली आल्यावर तिच्या जुन्या जागी आता तिची जाऊ शहाळी विकत होती. रनमेणिकेने एक मागितलं. दुखण्याच्या दोन वर्षांत तिने तोंडाने मागून काही खाल्लं-प्यायलं नव्हतं, म्हणून त्याने हौसेने स्वतः कोयता घेतला. तिने ते एका दमात संपवलं आणि दुसरं मागितलं. तेही त्याने दिलं. आता ही उतरणीला नाही, बरं होण्याच्या वाटेला लागली, असं त्याला मनापासून वाटलं.

चारच्या सुमाराला तिचे हातपाय लुळे पडले. तीनचाकीत घालून इस्पितळात नेईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. तिथल्या नर्सला सगळे मिस म्हणत. मिसने मशीन का चुकवलं विचारलं, मग आज पोटात काय गेलं ते विचारलं.

"शहाळी," तो म्हणाला. "दोन."

मिसचा हात थांबला. "शहाळं तिला विष आहे, त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबतं. पहिल्याच दिवशी सांगितलंय आम्ही. तुम्हाला बोलली नाही?"

जन्मभर शहाळी विकलेली बाई ही गोष्ट विसरणं शक्य नव्हतं. तिला माहीत होतं. आणि कोयता त्याच्या हातात होता. त्याला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. त्याने मिसचा कोपर धरला, जसा पाहुण्यांचा धरायचा.

"मिस, काहीही करा. माझी चूक आहे, तिची नाही. किती वेळ लागेल शुद्धीवर यायला?"

मिसने खाटेभोवतीच्या पडद्याकडे पाहिलं. मग त्याची बोटं हळूच सोडवली, त्याच्याच कोपराखाली हात घालून त्याला बाकापर्यंत नेलं.

"दहाच मिनिटं," ती म्हणाली. "बसा."

टिकिरीबंडाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते गोड, समजूतदार तोंड त्याच्या ओळखीचं होतं; त्याने तीस वर्षं हेच तोंड करून माणसं चढवली होती. पाहुणे बसायचे तसा मुकाट बसला.