तुटलं ते नळीतलं रक्त

डॉ. सुनंदाबाई मोहिते यांची आणि माझी ओळख सुईच्या टोकाशी झाली. त्या बडोद्याच्या विद्यापीठात माणसाच्या गुणसूत्रांवर संशोधन करीत होत्या, आणि मी मकरपुऱ्यात वेल्डिंगचे सांधे तपासण्याचा छोटा धंदा नुकताच स्वतःच्या नावावर उभा केला होता. नव्वदीची वर्षं. बडोद्याभोवती रोज नवा कारखाना उभा राहत होता. टाक्यांच्या सांध्यांत आतून भेग आहे का, हे आम्ही गॅमा किरणांनी फोटो काढून पाहायचो.

एकदा वाघोडियाच्या साईटवर किरण सोडणारा सोर्स नळीतच अडकला. तो पेटीत परत ढकलण्याच्या नादात मी नको तितका जवळ गेलो. अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या छातीवरच्या बिल्ल्याचा अहवाल वाईट आला. त्याच महिन्यात कारेलीबागेतल्या एका घरी माझं लग्न ठरलं होतं. लग्न करावं की करू नये, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी बाईंच्या दारात उभा राहिलो. प्रयोगासाठी त्यांना रक्तदाते हवेच होते.

रक्त काढता काढता त्यांनी विचारलं, “सांध्यात भेग सापडली की काय करता?”

“वेल्डर बोलावून भरून घेतो.”

“पेशीतही वेल्डर असतो. किरणांनी गुणसूत्र तुटलं की तो सांधतो. आम्ही नळीत औषध घालून त्याला रजेवर पाठवतो आणि मोडतोड किती उरते ते बघतो.”

“रजा मंजूर कोण करतं?”

“मीच. आणि लवकर हजर होऊ देत नाही!”

एका माणसाच्या रक्ताच्या चार नळ्या व्हायच्या. एक तशीच, एकीला नुसते किरण, एकीला नुसतं औषध, एकीला दोन्ही. दोन्ही एकत्र आले की नुकसान दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त होतं, हे बाईंनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. कर्करोगावर किरणांच्या जोडीला असं औषध वापरायचं, तर शेजारच्या निरोगी पेशींचं काय होणार, ही त्यांची खरी काळजी. मोजणाऱ्याला नळी कुठली हे कळू नये म्हणून स्लाईडवर नुसते सांकेतिक आकडे असत. मोजणी मनासारखी आली, की बाई ती हमखास दुसऱ्याकडून पुन्हा करवून घेत. “आपल्याला आवडलेल्या उत्तरावर जास्त संशय घ्यायचा,” असं त्या म्हणत.

माझं उत्तर घ्यायला गेलो तेव्हा बाई वर्गावर होत्या. मी बाहेर बाकावर बसलो. माझे कान जरा तिखट आहेत. कुठला आकडा कुणाचा, हे नुकतंच उघडलं होतं आणि आत त्यांचे दोन विद्यार्थी बोलत होते.

“मकरपुरावाळा भाईनी स्लाईड जोई? एकेय रंगसूत्र आखुं नथी!”

माझ्या स्लाईडवर एकही गुणसूत्र धड नाही! बाईंसाठी थांबलो नाही. सरळ कारेलीबाग गाठली आणि भावी सासऱ्यांना म्हणालो, “अण्णा, हे लग्न मोडा. विद्यापीठातल्या बाईंकडे तपासलं, माझ्या रक्तातच बिघाड आहे.”

अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा काढला. “अहो पवार, मुलगी दाखवली तेव्हा चांगले तीन वेळा पोहे घेतलेत. तेव्हा नव्हता का बिघाड?”

आतून भावी सासूबाईंच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी मात्र दारात येऊन म्हणाली, “कोणी सांगितलं तुम्हाला? बाई स्वतः बोलल्या?”

तेवढ्यात फाटकाशी बाईंची स्कूटर थांबली. मी बाकावरून उठून निघून गेलो हे शिपायाने सांगितलं, तेव्हा विद्यार्थ्यांकडून काय बोलणं झालं ते काढून घेऊन बाई आधी माझ्या शेडवर आणि तिथून पत्ता घेऊन इथे आल्या होत्या. पाणीसुद्धा न घेता त्या म्हणाल्या, “ती स्लाईड तुमचीच, पण किरण आणि औषध दोन्ही दिलेल्या नळीची. तुटलं ते नळीतलं रक्त, तुमच्या अंगातलं नव्हे. तशीच ठेवलेली नळी मी स्वतः पाहिली. एखादं-दुसरं तुटलेलं आहे, तेवढं माझ्यातही सापडेल. पुढची खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण लग्न मोडण्यासारखं त्यात काही नाही.” मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, “चूक माझ्या प्रयोगशाळेची. शिक्षा यांना नको.”

अण्णा म्हणाले, “शिक्षा आमच्या मुलीलाच होणार. इतके घाबरट जावई!” सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत नियम झाला: नळीला नळीच म्हणायचं, तिला माणसाचं नाव लावायचं नाही, आणि दात्याला त्याचं उत्तर बाई समोर बसवून स्वतः सांगणार. पुढे मकरपुऱ्यातले माझ्या धंद्यातले कितीतरी जण त्यांच्याकडे जाऊन आले. सोर्सजवळ घाई करू नका, हे आमच्या माणसांना त्यांनी पदरचं पेट्रोल जाळून शेडवर येऊन सांगितलं.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. हा लेख सौभाग्यवतींना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढं लिहा, की नाहीतर अण्णांनी त्याच संध्याकाळी माझ्यासाठी आलेल्या आणंदच्या दुसऱ्या स्थळाला होकार कळवला असता. बाई पाणीही न पिता आल्या म्हणून ही दोन मुलं आहेत.”

तेव्हा आम्हा चौघांच्या वतीने, आणि ज्यांना ज्यांना बाईंनी समोर बसवून खरं सांगितलं त्या सर्वांच्या वतीने, एवढंच मागणं: बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यांच्या पेशींतल्या वेल्डरला एक दिवसही रजा न मिळो.