बेताचा उपसा

इंगवले सरांची आणि माझी पहिली भेट कराडच्या महाविद्यालयात झाली. वडूजच्या कोरडवाहू रानातला माणूस समुद्र शिकवतो, याचे मला पहिल्याच तासाला हसू आले. सरांनी ते हेरले. "गड्या, कुठला तू?" "मलकापूरचा. घरचा ऊस हाय." "मग पाण्याची किंमत तू आमाला सांगू नगंस." वर्ग हसला.

पुढे त्यांच्याच हाताखाली मी प्रवाळांचा अभ्यास करू लागलो. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही लक्षद्वीपच्या एका लहान बेटावर गेलो. समुद्र तिथे वर्षागणिक किनारा खात होता आणि लोक घरांसाठी लाटा अडवणाऱ्या प्रवाळाचेच दगड फोडत होते. सरांनी व्याख्यान दिले नाही. आपल्या मोडक्या हिंदीत एवढेच विचारले, "बांध फोडके कोई घर बांधता है क्या?" वस्तीतले जाणते कोयाचाचा बराच वेळ विचार करून कबूल झाले, की वर्षभर दगड फोडायचा नाही.

आणि मग मी माती खाल्ली. बायका तासन् तास पाणी शेंदतात हे बघवेना, म्हणून सरांना न विचारता मी विहिरीवर इंजिन बसवून दिले. उसाच्या माणसाला पाणी दिसले की इंजिन आठवते. बेटाखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पातळ तरंगते, हे मीच परीक्षेत लिहिले होते. इंजिनाने भसाभस उपसताच ती साय संपली, खालचे खारे वर आले आणि आठवड्यात विहीर खारी झाली.

कोयाचाचा सरांना म्हणाले, "समुंदर बचाने आये थे, हमारा कुआँ ले गये." दगड पुन्हा फुटणार, हे उघड होते. सरांनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या विहिरीचे पाणी दारोदार पोचवू लागले. मला लाजेने मान वर करवेना. "आवं सर, तुमी कशाला? चूक माझी हाय."

"इंजन तुझं, पर माणूस माझा हाय. उचल कळशी."

सुट्टी संपली तरी सर परतले नाहीत. पावसाळा सरल्यावर पाणी हळूहळू गोडे झाले. तोवर कोणी त्यांच्याशी फारसे बोलले नाही, पण दगडही कोणी फोडला नाही.

सर मुलखाचे हट्टी आहेत आणि त्यांच्या हातचा चहा कोणी दुसऱ्यांदा मागत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. परवाच्या उन्हाळ्यात समुद्र तापून प्रवाळ पांढरेफटक पडले, तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. मग म्हणाले, "दुष्काळात बी आमी बियाणं राखतो. जगलंय तेवढं राखू."

आज सरांची साठी. कोयाचाचांनी त्याच विहिरीचे पाणी बाटलीत भरून पाठवले आहे. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्ही शिष्यांनी त्यांना फार उपसले. आता त्यांनी स्वतःला बेतानेच उपसावे. कळशी आता माझ्या हाती द्यावी.