कमळामावशीची हाक

कमळामावशी कुणालाही लांबून हाक मारत नसे. पोर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी गुडघे धरत उठायची, त्याच्यापुढे जाऊन बसायची आणि मग बोलायची. मूळची खाडीकाठच्या मोरवा गावची, म्हातारपणी लेकीकडे आमच्या हाटकेश भागात आलेली. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर ती तीन-चार मुलं सांभाळायची. त्यांत माझा अडीच वर्षांचा निहार.

मी मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेली आई. "पोलिसांना देईन," "बाथरूममध्ये कोंडीन," आणि तेवढ्यानं भागलं नाही की धपाटा. माझ्यासमोर तो अगदी शहाणा. माझी पाठ वळली की हात गॅसच्या बटणावर. ऑफिसातूनही मी दिवसातून तीनदा मावशीला फोन करायचे.

मावशीकडे तोच निहार तव्यावरून उतरलेल्या तांदळाच्या भाकरीपुढे मांडी घालून बसे. "वाफ जाऊ दे. तू फुंक, मी पन फुंकते," असं मावशी म्हणे आणि भुकेलेलं पोर फुंकत थांबे. मला चक्क हेवा वाटला. "तुम्ही रागवत कशा नाही?" मी विचारलं.

"आमची पोरं मिठागराच्या बांधावर वाढली. बांधावरच्या पोराला मागून वरडायचं न्हाय गो. दचकला का पान्यात."

मी ते हसण्यावारी नेलं.

एका संध्याकाळी मावशीकडून त्याला घेऊन निघाले, तर हात सोडवून तो इमारतीच्या फाटकाकडे धावला. तिथे पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये मागे येत होता. मी किंचाळले, "निहार! थांब, नाहीतर मार खाशील!" त्यानं वळून पाहिलं. माझा उगारलेला हात त्याला दिसला आणि तो जिवाच्या आकांताने पळाला, थेट टँकरच्या दिशेनं. एवढ्यात दारातून मावशी बोलली. तिला लांबून बोलताना मी प्रथमच ऐकत होते, पण आवाज रोजचाच. "निहार, थांब रे. मी येते तुज्याजवल."

तो थांबला. टँकर त्याच्यापासून हातभर अंतरावरून मागे गेला.

मावशीनं जाऊन त्याला कडेवर घेतलं. "त्यो तुला भ्याला गो," ती मला म्हणाली, "टँकरला न्हाय."

मावशी जाऊन वर्ष झालं. निहार आता पाच वर्षांचा आहे. त्या संध्याकाळनंतर मी त्याच्यावर हात उगारलेला नाही. तरी कधी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला, की शेजारी उभा असलेला निहार डोळे घट्ट मिटून घेतो.