बारा सेकंदांची पंगत

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. आमच्या सरांची अट एकच: फाईल खुल्या फॉरमॅटमधली हवी, ज्यावर कुठल्याच कंपनीचा हक्क नाही. अट ऐकायला फार छान. पण तपासायला तशी नमुना फाईल आणायची कुठून? इंटरनेटवर होत्या म्हणे. हिंगोलीच्या कॅफेत मी चार दिवस बसलो. फाईल निम्म्यावर यायची, लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि ठरवलं, फाईल आपणच बनवायची.

त्यासाठी हलतं चित्र लागत होतं. शिरड शहापूरला आमच्या घरी ते एकच होतं, ताईच्या लग्नाची सीडी. ताई तेव्हा माहेरी आलेली. दोन दिवसांत आणून देतो असं सांगून मी ती तिच्याकडून घेतली.

नमुना कसा हवा, हे मला नुकतंच कळलं होतं. चित्रात गर्दी हवी, धावपळ हवी, धूर असेल तर उत्तमच; तिथंच सॉफ्टवेअर अडखळतं. लग्नातल्या बुद्धवंदनेचा भाग मी सरळ पुढे ढकलला. पांढरी साडी, मागे पांढरा पडदा, गाथा संपेपर्यंत ताई हार धरून जागची हलत नाही. त्यात तपासायचं काय डोंबल? मी पंगत घेतली. बुंदीच्या टोपल्या घेऊन पळणारे वाढपी, चुलीचा धूर, मध्येच आडवं गेलेलं कुत्रं. बारा सेकंद कापले आणि खुल्या फॉरमॅटमध्ये बदलले. आवाज जुळेना म्हणून तोही काढून टाकला.

दुसरा नमुना घ्यायला सीडी पुन्हा घातली, तर ड्राइव्हमध्ये खाडकन आवाज झाला. उघडून बघतो तर तुकडे. शूटिंगवाल्याकडे धावलो. मूळ कॅसेटवर त्याने केव्हाच कुरुंदा गावातलं कुणाचं तरी लग्न घेतलं होतं, आणि वर मलाच विचारलं, इतके दिवस काहून थांबले?

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी फाईल लावायलाही सांगितली नाही. अहवालाच्या बाइंडिंगचा रंग चुकला, यावर मात्र दहा मिनिटं बोलले. त्या दहा मिनिटांचा संताप मला अजून येतो.

ताईला मी तीच फाईल दाखवली. दाखवायला दुसरं होतंच काय! तिने तीनदा पाहिली. मग विचारलं, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

मी समजावू लागलो. तू एका जागी उभी होतीस, हालचाल नसली की सॉफ्टवेअरचा कस लागत नाही, वगैरे. बोलता बोलता माझाच आवाज चढला. चूक माझी आणि चिडलोही मीच.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला तर सगळेच सांगून राहिले व्हते," ती म्हणाली, "हलू नको, शूटिंग चांगली येती."