गजभियेकाकांची सही

काकूंचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते, आणि मी तो कापला. दोनदा. तिसऱ्यांदा उचलला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "काका गेले गं सकाळी. तू जेवून घे, मग ये." गजभियेकाकांना जाऊन आता महिना होत आला... पण एक गोष्ट त्यांच्या हयातीत सांगायची राहून गेली, ती आता चारचौघांत सांगते.

काका रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर. मूळचे नागपूरकडचे, पण नोकरीची सारी वर्षं दिल्लीच्या आसपासच्या स्टेशनांत गेली. मी पुण्याहून आलेली, खासगी कंपनीतली सॉफ्टवेअरवाली. आमची कंपनी इंजिनात बसणारी यंत्रणा बनवते. पुढचा सिग्नल लाल आहे ही खबर रेडिओवरून इंजिनाला मिळते, आणि ड्रायव्हरनं दुर्लक्ष केलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते. मला वाटायचं, आता हेच खरं. ते खांब, त्या तारा, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे ते सांधे, सगळी जुनी अडगळ. कंपनीनं मला काकांच्या साइटवर पाठवलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहा पिता पिता माझी हवा काढली. "तुझ्या इंजिनाला कोण सांगतं? सिग्नल. सिग्नलला कोण सांगतं? इंटरलॉकिंग. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय ते सिग्नल हिरवा होऊच देत नाही. आणि सांधा बसला हे त्याला कोण सांगतं? दोन-चार तारा. अच्छा, आता त्या तारांनीच उलटं सांगितलं तर? वरचे सगळे ते उलटं इमानदारीनं पोचवतील, पोरी."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काका तोंड न पोळताच फुंकत. स्टेशनमास्तरची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ते साधा स्क्रूही सैल करत नसत. घरचा पंखा उघडायलाही काकूंची सही घेतात, असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा कागद मागायचे.

दिल्लीबाहेरच्या एका स्टेशनात नव्या तारा टाकल्या होत्या. मे महिना. गाड्या बंद होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आमची यंत्रणा बसवलेलं चाचणीचं इंजिन यायचं होतं. तपासणीची रीत अशी, की एकानं आत स्टेशनात कंप्युटरच्या पडद्यासमोर बसून सांधा फिरवायचा आणि दुसऱ्यानं थेट सांध्यापाशी उभं राहून, डोळ्यांनी दिसेल ते फोनवर सांगायचं. नुसत्या पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही. काका आत होते. शेवटच्या सांध्यापर्यंत मी चालत जायचं होतं. ऊन असं, की अर्ध्या वाटेवर मी कडुनिंबाखाली बसले आणि लॅपटॉप उघडला. त्यात काकांसमोरचाच पडदा दिसत होता.

"सांध्यापाशी आहेस ना?"

"हो, काका."

"बोल."

"सरळ... आता वळला."

काका स्वतःचाच पडदा माझ्या तोंडून ऐकत होते. कागदावर मी 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही केली. माझ्या शब्दावर त्याखाली काकांनी केली.

सकाळी इंजिन यायच्या आधी काका सवयीनं सगळे सांधे पायी बघून आले. शेवटचा उलटा होता. मोटरच्या आणि खबर आणणाऱ्या, दोन्ही तारांची अदलाबदल झाली होती. पडदा सरळ म्हणत होता आणि रूळ वळले होते बाजूच्या मार्गावर, जिथे रिकामे डबे उभे होते. आमच्या हुशार यंत्रणेनं हिरवा सिग्नल वाचून इंजिन, आतल्या माणसांसकट, निर्धास्त तिकडे सोडलं असतं. काकांनी काम थांबवलं. कुणाला खरचटलंही नाही, पण मार्ग सुरू व्हायला उशीर झाला आणि चौकशी लागली. साहेबांनी विचारलं, कागदावर लिहिलंय तसा सांधा खरंच पाहिला होता का? नोकरी नवी होती, मी गप्प राहिले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहब, आख़िरी साइन मेरा है. ज़िम्मेदारी मेरी." त्यांच्या अख्ख्या नोकरीतली एकुलती एक लेखी ताकीद त्या दिवसाची आहे.

मला ते एवढंच म्हणाले, "साइटवर सँडल घालून येत जाऊ नकोस. बूट घाल. चालायचं असतं." त्यानंतर त्यांच्या मागे मी किती मैल चालले असेन, देव जाणे. मला येतं ते बहुतेक सगळं त्या चालण्यात आलं. ते निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या सेक्टरमध्ये राहायला आले, रविवारी त्यांच्याकडे पोहे ठरलेले. कितीदा तरी ओठांवर आलं... आणि मी पोहेच मागितले. लाज वाटते हे लिहिताना.

ते गेल्यावर मी काकूंना सारं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिथे त्यांच्या नावावर डाग आहे, तिथे जाऊन सांग."

गेल्या आठवड्यात त्यांच्या जुन्या ऑफिसात गेले. घडलं ते माझ्या नावानिशी लिहून नेलं होतं. क्लार्कनं दोनदा वाचलं. "मॅडम, अब क्या फ़ायदा? रिटायर भी हो गए, गुज़र भी गए." मी म्हटलं, तरी फाइलला लावा. त्यानं लावलं, मग रजिस्टर ओढून विचारलं, "आप उनकी क्या लगती हैं?"

"जूनियर," मी म्हटलं.

त्यानं माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "पर आप तो रेलवे में हैं ही नहीं."

"फिर भी," मी म्हटलं, "जूनियर ही लिखिए."